पंडिता रमाबाई आणि बोस्टनची वर्गणी

पंडिता रमाबाईंचें नांव ठाऊक नाहीं असें ख्रिस्ती घर महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. केडगांवचें मुक्तिसदन, दुष्काळांत वांचविलेल्या मुली, साध्या लोकांस समजावें म्हणून बाईंनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर, ह्या गोष्टी आपले उपदेशक वारंवार सांगतात. परंतु बाईंच्या पहिल्या शाळेस पैसा कोठून आला, तो कोणीं दिला, कोणत्या अटीवर दिला आणि त्या अटीपायीं बाईंस काय सोसावें लागलें, हा भाग फारसा कोणी सांगत नाहीं. प्रिय वाचकहो, आज तोच सांगण्याचें योजिलें आहे.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असें जनमत असतां त्यांनीं आपल्या पत्नीस ती विद्या शिकविली, आणि आईनें ती रमाबाईंस दिली. पुढें हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. पुराण सांगावें आणि श्रोते जें पुढें ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. १८७४ च्या सुमारास मोठ्या दुष्काळांत वडील, आई व वडील बहीण अशीं तिघें थोड्या महिन्यांच्या अंतरानें वारलीं. उरलीं तीं श्रीनिवास व रमाबाई हीं दोन भावंडें पायीं चालत, उपास काढीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं बाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. दोन वर्षांनीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. तेही फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें गेले. तेव्हां मनोरमा ही मुलगी एक वर्षाचीही नव्हती.

हें सर्व थोडक्यांत सांगितलें, कारण पुढील गोष्ट कळण्यास एवढें पुरे आहे. ज्या स्त्रीनें लहानपणीं दुसऱ्याच्या दक्षिणेवर दिवस काढले, दाता हात आंखडतो तेव्हां पोटाचें काय होतें हें जिनें स्वतःच्या घरांतील तीन मृत्यूंवरून ओळखलें, तिलाच पुढें शेंकडों अनाथ विधवांकरितां परक्या देशांत पदर पसरावा लागला.

१८८२ सालीं बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें. बालविधवांकरितां एक घर असावें, तेथें त्यांस अन्न मिळावें व स्वतःच्या पायांवर उभें राहतां येईल असें शिक्षण मिळावें, हा विचार तेव्हांपासून त्यांच्या मनांत घोळत होता. परंतु अशा घरास इकडे कोणी पैसा देईना. १८८३ सालीं पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांतून प्रवासखर्च भागवून त्या विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकावी असा हेतु होता. पण कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमांत राहून त्यांनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षीं त्यांनीं मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांस हिंदी स्त्रियांच्या दुःखाविषयीं एक निवेदन लिहून मदत मागितली. घर उभें राहील एवढें द्रव्य त्यांतून मिळालें नाहीं. नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत बाईंनीं स्वतः शिकत असतां संस्कृत शिकविण्याचें काम केलें.

१८८६ च्या आरंभीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांतून बोलावणें आलें. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत कल्याणच्या आनंदीबाई जोशी शिकत होत्या. त्यांस ११ मार्च १८८६ रोजीं डॉक्टरची पदवी मिळणार होती, आणि कॉलेजच्या मुख्य डॉक्टर रेचल बॉडले ह्यांची इच्छा अशी कीं, त्या प्रसंगीं रमाबाईंनीं हजर असावें. आनंदीबाई ह्या नात्यानें बाईंच्या दूरच्या आप्त होत. बाई मुलीस घेऊन थोड्या दिवसांकरितां म्हणून गेल्या, आणि जवळ जवळ तीन वर्षें तेथेंच राहिल्या.

ह्या तीन वर्षांत त्यांनीं काय केलें तें नीट पाहण्याजोगें आहे. प्रथम त्या स्वतः शाळेंत जाऊन बसल्या. लहान मुलांस खेळांतून शिकविण्याची फ्रेबेलची किंडरगार्टन पद्धति तेव्हां नवी होती. ती त्यांनीं शिकून घेतली. घर उभारण्यासाठीं पैसा मागावयाचा, तर त्या घरांत शिकवावयाचें काय हें आधीं आपणांस आलें पाहिजे, असा त्यांचा हिशेब दिसतो. दुसरें, १८८७ सालीं त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं इंग्रजींत एक पुस्तक लिहून छापविलें, व तें आपल्या आईस अर्पण केलें. बॉडलेबाईंनीं त्यास प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत आनंदीबाई क्षयानें पुण्यास वारल्या होत्या, त्यामुळें तें पुस्तक हातीं घेणारास त्या तरुण डॉक्टरणीची आठवण होई. पुस्तकाच्या हजारों प्रती खपल्या.

तिसरी गोष्ट प्रवासाची. गांवोगांवच्या देवळांत, दिवाणखान्यांत, शाळांत साधें पांढरें वस्त्र नेसलेली ही विधवा उभी राहून आपल्या देशभगिनींची हकीगत सांगे. दारूबंदीच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड ह्यांनीं त्यांस मोठें साह्य केलें. ह्या व्याख्यानांचा परिणाम असा झाला कीं, डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन ह्या नांवाची सभा स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स, लायमन अबट असे निरनिराळ्या पंथांचे प्रसिद्ध धर्मोपदेशक. आणि कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या मुख्य ज्यूडिथ अँड्र्यूज ह्या बाई होत्या.

ह्या सभेची रचना मला फार शहाणपणाची वाटते. एखाद्या धनिकाकडून एकदम मोठी रक्कम घेऊन ती संपेपर्यंत काम चालवावें, अशी ती नव्हती. गांवोगांव रमाबाई सर्कल ह्या नांवाचीं लहान मंडळें निघालीं. प्रत्येक सभासदानें वर्षास निदान एक डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारें तीन रुपये, द्यावे व असें दहा वर्षें देत राहावें. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत घरधनीण स्वयंपाकापूर्वीं मूठभर धान्य देवाच्या मडक्यांत टाकते, आणि महिन्याअखेर त्यांतून उपदेशकाच्या पगाराचा भाग निघतो. त्याच जातीची ही योजना होती. मोठी देणगी देणारा एकदां देतो व विसरतो. वर्षास एक डॉलर देणारीस दर वर्षीं त्या शाळेचें नांव काढावें लागतें, अहवाल वाचावा लागतो, शेजारणीस सांगावें लागतें.

परंतु पैशाबरोबर एक अट आली. सभेंत अनेक पंथांचे लोक असल्यामुळें, आणि उच्चवर्णीय हिंदु घरांतील विधवा बाटविण्याच्या भीतीनें येणारच नाहींत हें बाईंसही ठाऊक असल्यामुळें, शाळेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं व कोणाच्याही धर्मांत हात घालावयाचा नाहीं असें ठरलें. ज्या मुलींस जातीचे नियम पाळावयाचे असतील त्यांच्या जेवणाखाण्याची सोय त्याप्रमाणें करावयाची होती. आपल्यांपैकीं पुष्कळांस ही अट आजही खटकेल. त्या काळच्या मिशनरी लोकांसही ती खटकली. बाईंनीं मात्र ती डोळे उघडे ठेवून मान्य केली होती.

१८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजानें निघून, जपानावरून बाई स्वदेशीं परतल्या. आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशीं बरोबर तीन वर्षें झालीं होतीं. बॉडलेबाई तो दिवस पाहण्यास राहिल्या नव्हत्या. त्या जून १८८८ मध्येंच निवर्तल्या. आरंभीं मुली दोनच होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणून कोंकणांतील देवरुखची होती. तिला बालपणींच वैधव्य आलें होतें. मुंबईंत खर्च फार येतो म्हणून १८९० च्या नोव्हेंबरांत सदन पुण्यास नेलें. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर अशा थोर हिंदु गृहस्थांनीं सल्लागार होण्याचें पत्करलें आणि मुली वाढूं लागल्या.

नंतर वादळ उठलें. बाई पहांटे आपल्या खोलींत प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. केसरीनें व दुसऱ्या पत्रांनीं बाईंवर टीकेची झोड उठविली. ज्या सदनास धर्माच्या बाबतींत अलिप्त म्हणून पैसा व मुली मिळाल्या, तेथें मुली ख्रिस्ताकडे वळविल्या जात आहेत, असा त्यांचा आरोप होता. १८९३ सालीं रानडे व भांडारकर ह्यांनीं सदनाशीं असलेला संबंध सोडला, आणि पालकांनीं वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

ह्या प्रकरणीं विरुद्ध बाजूस केवळ द्वेष होता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या बापानें लोकनिंदा सोसून आपली विधवा मुलगी शाळेंत पाठविली, त्यास आपली समजूत झाली होती तेंच तेथें चालावें असें वाटणें साहजिक होतें. रानडे व भांडारकर हे स्त्रीशिक्षणाचे शत्रु नव्हते. त्यांनीं आपलें नांव तारण ठेवलें होतें, व तें जाईल अशी त्यांस भीति पडली. बाईंचेंही म्हणणें खोटें नव्हतें. कोणावर सक्ति करावयाची नाहीं हें त्यांनीं कबूल केलें होतें. परंतु स्वतःची प्रार्थना दार लावून चोरून करावी असें कबूल केलें नव्हतें. जी मुलगी आपल्या धर्माप्रमाणें पूजा करी तिला त्यांनीं अडविलें नाहीं, आणि जी येऊन बसे तिला हांकलून दिलें नाहीं. हा प्रश्न अखेर बोस्टनच्या सभेपुढें गेला. पैसा तिचा होता. तो बंद झाला असता तर सदन त्याच महिन्यांत मोडलें असतें. सभेनें बाईंवरचा विश्वास ढळूं दिला नाहीं. मदत चालू राहिली.

तिकडे अमेरिकेंतही सर्वच सुरळीत नव्हतें. १८९५ च्या सुमारास स्वामी विवेकानंद तेथें व्याख्यानें देत असतां, हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीवरून ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलमधील स्त्रियांशीं त्यांचा जाहीर वाद झाला. आपल्या देशाचीं दुःखें परक्यांस सांगून पैसा मिळवावा काय, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं होता, आणि तो क्षुल्लक नाहीं. बाईंनीं स्वदेशीं आधीं मागून पाहिलें होतें व त्यांस मिळालें नव्हतें, एवढेंच येथें नमूद करतों.

दहा वर्षांची मुदत एक दिवस संपणार, हें बाई विसरल्या नव्हत्या. म्हणून पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेच्या रस्त्यावर केडगांवीं त्यांनीं माळजमीन घेतली, विहिरी खणविल्या, आंबे, संत्रीं व लिंबें लावलीं. अमेरिकेची वर्गणी बंद झाली तरी बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा बेत होता. फळझाडास फळ येण्यास वर्षें लागतात हें शेतकऱ्यास सांगावयास नको. झाडें लहान असतांच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथून सुमारें तीनशें अनाथ मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यास प्लेग सुरू झालेला; तेव्हां त्या सर्वांस केडगांवीं तंबूंत व झोंपड्यांत ठेवणें भाग पडलें. फळांकरितां घेतलेल्या जमिनीवर अशा रीतीनें माणसें येऊन राहिलीं, आणि तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

मुक्तिसदन हें उघड ख्रिस्ती घर होतें. शारदासदन अलिप्त शाळा. एकाकरितां दिलेला पैसा दुसऱ्यांत मिसळूं नये म्हणून बाईंनीं दोन्ही कामें निराळीं ठेवलीं. १८९८ सालीं त्या पुन्हां बोस्टनास गेल्या. मुदत भरल्यामुळें जुनी सभा विसर्जित झाली, आणि त्याच ठिकाणीं अमेरिकन रमाबाई असोसिएशन ह्या नांवानें नवी सभा निघून तिनें मदत पुढें चालविली. दहा वर्षें पैसे देऊन लोक थकतील असें कोणासही वाटलें असतें.

बाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं प्रभूजवळ गेल्या. मनोरमाबाई त्यापूर्वीं आठ-नऊ महिन्यांआधीं वारल्या होत्या.

त्या पहिल्या विद्यार्थिनीचें काय झालें, हें राहिलें. गोदूबाईनें सदनांत चार वर्षें शिक्षण घेतलें आणि मार्च १८९३ मध्यें, म्हणजे पुण्यांतील वादळाच्याच वर्षीं, प्रोफेसर धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह केला. ती ख्रिस्ती झाली नाहीं. पुढें कर्व्यांनीं हिंगण्यास विधवांकरितां आश्रम काढला, तेव्हां आनंदीबाई कर्वे ह्या नांवानें ओळखली जाणारी हीच बाई त्या आश्रमाकरितां दारोदार हिंडून वर्गणी गोळा करीत असे.