सांधे हलवणारे शिल्पकार

बास्केटबॉल जेम्स नेस्मिथ यांनी शोधला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांचे बालमित्र डॉ. रॉबर्ट टेट मॅकेन्झी यांचं नाव मात्र मी गेल्या सत्रापर्यंत ऐकलं नव्हतं. घोट्याला प्लास्टर होतं, खेळ बंद होते, म्हणून लायब्ररीत वाचत बसलो आणि ते सापडले.

मॅकेन्झी १८६७ मध्ये कॅनडात, अल्मॉन्ट गावाजवळ जन्मले. आईवडील स्कॉटलंडचे. मॅकगिल विद्यापीठात ते डॉक्टर झाले, तिथेच व्यायाम शिकवू लागले. धावणाऱ्या माणसाचं शरीर अभ्यासता अभ्यासता मूर्ती घडवू लागले आणि त्यातही नाव मिळवलं.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ते ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात मेजर झाले. तेव्हा सैनिकांच्या जखमा भरत होत्या, पण कुणाचा खांदा वर जात नव्हता, कुणाची मूठ मिटत नव्हती. सांधा बरेच दिवस हलला नाही की त्याभोवतीचं आवरण आखडतं, स्नायू वाळतात. अशा हाताने रायफल धरणार कशी? आणि घरी गेल्यावर नांगर तरी?

मँचेस्टरच्या हीटन पार्क छावणीत मॅकेन्झींनी शेक आणि मालिश ठेवली, पण भर दिला तो सैनिकाने सांधा स्वतः हलवण्यावर. बोटं, मनगट, घोटा यांसाठी साधी, स्वस्त उपकरणं बनवली. सांधा किती वळतो ते मोजलं जाई, म्हणजे सुधारणा जवानाला स्वतःलाच दिसे. हे मला फार पटलं. आमच्या एमआय रूममध्येही टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला लावतात आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहिला ते मोजतात. पहिल्या दिवशी माझी जेमतेम दोन बोटं भरली. तीन आठवड्यांनी पाच. दुखतं, पण आकडा हलला की दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं.

हा सगळा अनुभव त्यांनी १९१८ मध्ये पुस्तकात मांडला. युद्धानंतर त्यांनी अनेक स्मारकं घडवली. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तेव्हा कलेच्याही स्पर्धा होत; त्यात त्यांना कांस्यपदक मिळालं. १९३८ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं. एडिंबरोत त्यांनी घडवलेला ब्राँझचा सैनिक आजही गुडघ्यांवर रायफल आडवी धरून बसला आहे. त्याच शहरात, त्यांच्या इच्छेनुसार, त्यांचं हृदय पुरलेलं आहे.