नाईक यशवंत घाडगे

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर माणगांव हें तालुक्याचें ठिकाण लागतें. तेथें एका तरुण शिपायाचा पुतळा आहे. मोटार थांबली कीं उतारूंचें लक्ष बहुधा चहाकडे जातें; पुतळा कोणाचा, हें विचारणारे थोडे. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या थोड्यांत असावें, म्हणून हा अल्प परिचय.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं माणगांव तालुक्यांतील पळसगांव येथें झाला. हा मुलूख तेव्हां कुलाबा जिल्ह्यांत मोडे. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. कोंकणांत मुख्य पीक भाताचें. पावसाळा सरला कीं शेतांत फारसें काम उरत नसे, आणि घरोघरचे तरणे मुलगे मुंबईच्या गिरण्यांत नाहींतर पलटणींत पोट भरावयास जात. घाडगे पलटणींत गेले. पांचवी मराठा लाइट इन्फंट्री ही त्यांची रेजिमेंट व तिसरी त्यांची पलटण. बाविसाव्या वर्षीं ते नाईक होते. नाईक हा कांहीं मोठा हुद्दा नव्हे. आठदहा शिपायांची एक तुकडी त्याच्या हवालीं असते, एवढेंच. परंतु लढाईंत त्या आठदहा जणांचें बरेंवाईट प्रथम त्याच्याच माथीं येतें.

४ जून १९४४ रोजीं रोम शहर दोस्त सैन्याच्या हातीं आलें. जर्मन फौज उत्तरेकडे हटूं लागली, पण ती पळत नव्हती. मागें अपेनाइन पर्वतांत तिची नवी तटबंदी उभी राहत होती. तिला वेळ मिळावा म्हणून दर टेंकडीवर मशीनगन मांडून ती पाठलाग करणारांस अडवीत होती. रोममधून वाहणारी जी टायबर नदी, तिच्या वरच्या खोऱ्यांत दहावी हिंदी डिव्हिजन हा एकेक अडथळा मोडीत चालली होती. तिच्यांतच ही मराठा पलटण होती.

१० जुलै रोजीं पलटणीच्या एका कंपनीनें शत्रूच्या बळकट ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यांत अगदीं जवळून सांपडली. कांहीं क्षणांत सारे सोबती मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे नाईक. ते सरळ त्या मशीनगनवर धांवून गेले. हातबाँब फेंकून त्यांनीं तोफ व तोफवाला दोन्हीं निकामी केलीं, आणखी एकास गोळी घातली. टॉमीगनमधील गोळ्या संपल्या; नव्या भरण्यास अवसर नव्हता. तेव्हां नळी धरून ती बंदूकच सोट्यासारखी चालविली व उरलेल्या दोघांस ठार केलें. इतक्यांत लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांस छातींत व पाठींत लागल्या. एकट्यानें जिंकलेल्या त्या मोर्चांतच त्यांनीं प्राण सोडला.

वर्गांत हें सांगतांना सोट्याच्या प्रसंगास मुलें टाळ्या वाजवितात, आणि आम्ही थबकतों. तेहि दोघे कोणाचे तरी पुत्र होते. आमचें मन त्याच्या आधल्या क्षणाशीं राहतें. सोबती पडल्यावर आडोशास निजून राहते तरी नाइकांस कोणी दोष दिला नसता. पण ती मशीनगन चालूच राहिली असती.

दुसराही प्रश्न मुलें विचारतात: हें युद्ध कोणाचें? १९४२ पासून देशांत चले जावची चळवळ होती, पुढारी तुरुंगांत होते, आणि कोंकणचा हा मुलगा इंग्रजांच्या निशाणाखालीं लढत होता. प्रश्न रास्त आहे, व आम्ही तो मोडून काढीत नाहीं. समोर नाझी सत्तेची फौज होती, हेंही मात्र त्यांस सांगतों.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटांत त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो त्यांच्या विधवा पत्नीच्या हातीं देण्यांत आला. पदक घरीं आलें. देह आला नाहीं. त्यांची ज्ञात अशी समाधि कोठेंच नाहीं. रोमच्या दक्षिणेस कॅसिनो येथील स्मारकावर चार हजारांहून अधिक नांवें कोरलीं आहेत, त्यांत त्यांचें एक. आणि ते पडले तें खोरें तर रोमच्या बरेंच उत्तरेस.

त्या खोऱ्यांतील मोंतोने गांवीं २०२३ सालच्या जुलैंत त्यांच्या नांवें एक सूर्यघड्याळ उभारण्यांत आलें. तेथें तो महिना कडक उन्हाचा, सावली तबकडीवर स्पष्ट उमटते. त्याच दिवसांत इकडे कोंकणांत खाचरें पाण्यानें भरलेलीं असतात, आणि लावणी चाललेली असते.