टिंब आणि रेघांचा चित्रकार

हॅम रेडिओच्या डिजिटल दुनियेत पहिले पाऊल टाकणाऱ्यापाशी परवाना, रेडिओ संच आणि त्याला जोडलेला संगणक असतो. या विद्येचे मूळ शोधत गेल्यास मात्र आपण एका चित्रकारापाशी येऊन थांबतो. तो चित्रकार म्हणजे सॅम्युएल मोर्स.

मोर्स यांचा जन्म २७ एप्रिल १७९१ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटाऊन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. येल महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी लंडनमध्ये चित्रकलेचे धडे घेतले. १८२५ मध्ये लाफाएत यांचे व्यक्तिचित्र रंगविण्यासाठी ते वॉशिंग्टनला गेले असताना न्यू हेवनमध्ये त्यांची पत्नी ल्युक्रेशिया हिचे निधन झाले. वडिलांचे पत्र हाती पडून ते घरी पोहोचले, तोवर तिचे दफनही उरकले होते. त्या काळी निरोप घोड्याहून वेगाने धावत नसे.

१८३२ मध्ये युरोपहून परतताना जहाजावर विद्युतचुंबकाविषयी गप्पा निघाल्या आणि तारेतून संदेश पाठविण्याच्या कल्पनेने त्यांना झपाटले. पुढची अनेक वर्षे ओढगस्तीची गेली. लेनर्ड गेल आणि आल्फ्रेड व्हेल यांच्या साहाय्याने यंत्र आकाराला आले. १८४३ मध्ये अमेरिकी संसदेने ३० हजार डॉलर मंजूर केले आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून सुमारे ६० किलोमीटरवरील बाल्टिमोरला तारेने संदेश गेला.

या लिपीचे मर्म सोपे आहे. प्रवाह सुरू किंवा बंद, एवढ्याच दोन अवस्था. त्यांचा कालावधी मोजून अक्षर ओळखायचे. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या 'ई' या अक्षराला केवळ एक टिंब, क्वचित येणाऱ्या अक्षरांना लांब खुणा. १९९८ मध्ये हॅम मंडळींत रुजलेल्या पीएसके-३१ या डिजिटल पद्धतीतही नेमके हेच तत्त्व आहे. २०१७ मध्ये आलेल्या एफटी-८ पद्धतीत संगणक १५ सेकंदांच्या पाळीने क्षीण संकेत टिपतो. म्हणून घड्याळ अचूक लावणे हा नवशिक्याचा पहिला धडा. संगणकातून संचाकडे जाणारा ध्वनी बेताचा ठेवावा, अन्यथा संकेत विकृत होऊन शेजारच्यांना उपद्रव होतो. शक्ती गरजेपुरतीच वापरावी. आणि आधी ऐकावे, मगच प्रक्षेपण करावे. हा शेवटचा नियम मोर्सची कळ दाबणाऱ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

मोर्स यांना कीर्ती आणि संपत्ती लाभली. पेटंटसाठी त्यांना न्यायालयात दीर्घ लढाही द्यावा लागला. गुलामगिरीचे त्यांनी केलेले समर्थन हा मात्र त्यांच्या चरित्रावरील न पुसणारा डाग आहे. २ एप्रिल १८७२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

२००३ मध्ये हॅम परवान्यासाठी मोर्स लिपीची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली. भारतातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये थांबली. तरीही रात्रीच्या शांततेत हौशी मंडळींच्या संचांवर टिंब-रेघांची किणकिण ऐकू येते. पत्नीचा अखेरचा निरोप वेळेवर न मिळालेल्या माणसाने जगाला दिलेली ही देणगी आहे.