सेवेतच ज्यांना देव भेटला : श्री संत गाडगे महाराज

आषाढी वारीहून परतणारी शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी आपल्या जालना जिल्ह्यातून जाते. त्या वेळी शहागड, अंबड, जालना या वाटेवर पाण्याचे पिंप, फराळाचे ताट आणि मलमपट्टीचे साहित्य घेऊन माणसे उभी राहतात. राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीला आणि अंबडच्या श्री मत्स्योदरी देवीला नवरात्रात जी अलोट गर्दी लोटते, तिच्या सोयीसाठीही असेच असंख्य हात राबतात. दिवसभर उन्हात उभे राहून या मंडळींना काय मिळते, असा प्रश्न कोणासही पडावा. समर्थ रामदास स्वामींच्या जांब या जन्मगावामुळे पावन झालेल्या या जिल्ह्यात संतचरित्रांची उणीव नाही. परंतु या विशिष्ट प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या संपूर्ण आयुष्यातून मिळते, ते संत शेजारच्या वऱ्हाडात होऊन गेले. ते म्हणजे श्री संत गाडगे महाराज.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी, वडिलांचे झिंगराजी व आईचे सखुबाई. आडनाव जानोरकर. मद्याच्या व्यसनाने वडिलांचा संसार उद्ध्वस्त झाला आणि डेबूजी लहान असतानाच पितृछत्र हरपले. सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे आपल्या माहेरी आल्या. तेथे मामाच्या घरी गुरे राखीत आणि शेतीची कामे करीत डेबूजी वाढले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मात्र नांगर, वखर, कुदळ यांची विद्या त्यांनी पूर्णपणे आत्मसात केली. अंगमेहनतीचे वेड त्यांना जडले ते याच काळात.

पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात सापडली. निरक्षरतेमुळे कागदावर काय लिहिले आहे हे कळत नाही, आणि त्यापायी कष्टाचा घास हातचा जातो, हे डेबूजींनी स्वतःच्या घरात अनुभवले. दारू, कर्ज आणि अज्ञान या तीन शत्रूंची ओळख त्यांना पोथीतून झाली नाही. ती घरातल्या दुःखातून झाली, आणि म्हणूनच उत्तरायुष्यात त्यांच्या कीर्तनाचा प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याच्या काळजाला जाऊन भिडत असे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशाला मद्य-मांसाचे जेवण देण्याची जातीची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि पाहुण्यांना गोडधोड वाढले. नातेवाईक रुष्ट झाले, परंतु डेबूजी बधले नाहीत.

ऋणमोचनचा चिखल

पूर्णा नदीच्या काठी असलेल्या ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. स्नान करून येणाऱ्या भाविकांना त्या काळी निसरड्या, चिखलाने भरलेल्या काठावरून वर चढावे लागे. म्हातारी माणसे घसरून पडत, अंगाखांद्यावर लेकरे घेतलेल्या स्त्रियांचे हाल होत. यात्रेस येणारा प्रत्येक जण हे पाहत होता. हळहळून किंवा दुसऱ्यास दोष देऊन तो पुढे जात होता. डेबूजींनी मात्र कुदळ-फावडे हाती घेतले, उतार सारखा केला, पायऱ्या खोदल्या आणि थकलेल्या माणसांना हात देऊन वर घेतले. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्याचा मोबदला मागण्याचेही कारण नव्हते. पुढे लोकवर्गणीतून त्याच ठिकाणी पक्का घाट उभा राहिला.

महाराजांच्या सर्व कार्याचे बीज या चिखलात आहे, असे आम्हांस वाटते. पुढे त्यांच्या शब्दावर लोकांनी लक्षावधी रुपये दिले, मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. पण आरंभ झाला तो समोर पडणाऱ्या एका माणसाला हात देण्यापासून.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि मातीचे एक गाडगे, एवढाच त्यांचा प्रपंच. हे गाडगे कधी पाणी पिण्यास, कधी भाकरी घेण्यास उपयोगी पडे आणि उन्हात डोक्यावर टोपीसारखे बसे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते रस्ते व गटारे झाडावयास लागत. कोणाचे लाकूड फोडून द्यावे, कोणाच्या शेतात राबावे आणि मगच भाकरी स्वीकारावी, असा त्यांचा नेम होता. दिवसा गाव स्वच्छ झाले की रात्री कीर्तन उभे राही. श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत साधे साधे प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत ते व्यसन, कर्ज, पशुबळी आणि शिवाशीव यांवर प्रहार करीत. मुलांना शाळेत घाला, हा आग्रह तर प्रत्येक कीर्तनात असेच.

या त्यागाचा भार एकट्या महाराजांनी वाहिला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. वृद्ध आई, पत्नी आणि मुले मागे राहिली होती. पुढे महाराजांच्या नावाने धर्मशाळा झाल्या, तरी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. आपल्या आप्तांचा या संस्थांवर कोणताही हक्क राहणार नाही, याविषयी महाराज अत्यंत कठोर होते. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद वारला. ती वार्ता कोकणात खारेपाटण येथे ऐन कीर्तनात त्यांच्यापर्यंत पोहोचली, तरीही त्यांनी कीर्तन थांबवले नाही. सेवेतून लाभणारे समाधान स्वस्त नसते, हे सांगण्यासाठी हा प्रसंग पुरेसा आहे.

यात्रेकरूंचे आश्रयस्थान

पंढरपूरची वारी महाराज मनोभावे करीत, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्यात गेले नाहीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लाखोंच्या गर्दीने घाण झालेले चंद्रभागेचे वाळवंट झाडणे, हेच त्यांचे दर्शन होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना मंदिरात तर प्रवेश नव्हताच, पण पाठ टेकावयास धर्मशाळाही नव्हती. महाराजांनी १९१७ च्या सुमारास त्यांच्यासाठी संत चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा उभारण्याचे कार्य हाती घेतले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या मंदिराचे दार सर्वांसाठी उघडले ते १९४७ साली. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या कितीतरी आधी महाराजांनी निवाऱ्याचे दार उघडले होते. पुढे १९४९ साली त्यांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.

नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण व विद्यालय झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात दूरगावाहून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक पदपथावर रात्र काढीत. त्यांच्यासाठीही धर्मशाळा उभी राहिली. एवढे सारे उभारणारे महाराज स्वतः मात्र धर्मशाळेच्या खोलीत न राहता उघड्यावर किंवा झाडाखाली निजत. कोणी पाया पडू लागला तर ते दूर पळत. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि कार्यास कायमचे स्वरूप आले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात, प्रवासातच महाराजांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावती येथे गाडगेनगरात आहे.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि आपल्या जिल्ह्यातील गावांतही खराटे हाती घेतले गेले. २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. जो मुलगा शाळेत गेला नाही, त्याच्या नावे विद्यापीठ आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आपल्यासाठी बोध

संस्थानच्या कार्यालयात काम करताना एक अनुभव नेहमी येतो. सेवेसाठी नाव नोंदविणाऱ्यांपैकी काही जण सेवेच्या आधीच आपल्या माणसांना लवकर दर्शन मिळेल का, अशी पृच्छा करतात. त्यात वावगे वाटून घेण्याचे कारण नाही, कारण माणसाचे मन तसेच असते. परंतु सेवा संपल्यावर हीच मंडळी हिशेब करीत, काहीशी नाराज होऊन परततात. याउलट दिवसभर जोडे सांभाळणारा किंवा उष्टी पात्रे उचलणारा एखादा सेवेकरी रात्री शिखराला हात जोडतो आणि दर्शनाविनाच प्रसन्न मुद्रेने घरी जातो. गाडगे महाराजांचे चरित्र वाचल्यावर या दोघांतील अंतर कळते. ज्याने सेवेच्या बदल्यात काही मागितले, त्याला तेवढेच मिळते आणि ते नेहमीच कमी वाटते. ज्याने मागितले नाही, त्याचे मोजमाप होऊ शकत नाही.

महाराजांसारखा सर्वस्वत्याग आपणा संसारी माणसांस शक्य नाही आणि तो कोणी मागितलेलाही नाही. मात्र पायऱ्या उतरताना एखाद्या वृद्ध मातेस हात देणे, प्रसादाची पत्रावळ योग्य जागी टाकणे, रांगेतील तहानलेल्या लेकरास आपल्या तांब्यातील पाणी पाजणे, हे प्रत्येकास शक्य आहे. ऋणमोचनच्या काठावर डेबूजींनी याहून वेगळे काय केले होते?

अशा या निष्काम कर्मयोगी संतास आमचे त्रिवार वंदन.