मौनाचा दिग्दर्शक : झाँ-पिएर मेल्व्हिल

दरोड्याचे चित्रपट मी पुष्कळ पाहिले. पण 'ल सर्कल रूज' (१९७०) पाहून मनात राहिला तो त्याचा फ्रेंच दिग्दर्शक.

झाँ-पिएर मेल्व्हिल १९१७ साली पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. मूळ आडनाव ग्रुमबाख. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर तो भूमिगत चळवळीत शिरला आणि आवडत्या अमेरिकन कादंबरीकाराचे आडनाव त्याने घेतले, ते कायमचेच. त्या युद्धात त्याचा भाऊ गेला. पुढे चित्रव्यवसायाने दार उघडले नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढला, स्वतःचा स्टुडिओही उभारला. १९६७ मध्ये तो आगीत भस्मसात झाला. तीनच वर्षांनी हा चित्रपट आला.

त्यातील जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी सुमारे २५ मिनिटे संवादाविना चालते. दारूने खचलेला माजी पोलीस (ईव्ह मोंताँ) बंदुकीची गोळी स्वतः ओततो, अचूक नेम साधतो आणि पुढे लुटीतला वाटा नाकारतो. हात थरथरला नाही, हीच त्याची कमाई!

स्त्रियांना या चित्रपटात जवळजवळ स्थानच नाही, हे मला खटकते. पण ते मौन उसने वाटत नाही. भूमिगत जीवनात एक जादा शब्द सोबत्याच्या जिवावर बेतू शकतो. मेल्व्हिलची माणसे कमी बोलतात ती, माझ्या मते, त्यामुळेच.

१९७३ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला. चोरांच्या गोष्टीतून तो सांगत राहिला ती निष्ठेचीच गोष्ट.