डेमलो संख्यांचे कापरेकर मास्तर

विद्यार्थी मित्रहो, आधी कागद-पेन्सिल घ्या आणि १११ ला १११ ने गुणा. उत्तर १२३२१ येईल. चार एकांचा वर्ग १२३४३२१. असे चढत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच! तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. दहा एक घेतले की मात्र हातचा येऊन घडी मोडते. चढत्या बाजूचा ८ गळतो आणि मध्ये दोन शून्ये येतात. हे स्वतः करून पाहा, नुसते वाचू नका.

ह्या संख्यांना डेमलो हे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर होते. डेमलो म्हणजे डोंबिवलीचे रेल्वे स्थानक. ही कल्पना त्यांना तेथे सुचली. कोणाला कोठे काय सुचेल ह्याला नियम नाही! त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. आई ते आठ वर्षांचे असतानाच वारली. वडील कारकून. ठाण्याची शाळा, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, तेथे १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ साली बी. एस्सी. पुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकी केली.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. वरची सतरा अंकी संख्याही हर्षदच. त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वेळांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. हा सारा खेळ दशमान मांडणीचा. भारतातली ही मांडणी नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी यांनी आपल्या ग्रंथात समजावली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पालकहो, मूल वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत बसले की आपण दटावतो. कापरेकरांचे आयुष्य त्या मागच्या पानावरच गेले. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम किरकोळ मानले. मोठे सिद्धांत त्यात नव्हते, हे खरे. पण पाचवीच्या मुलालाही हाती धरता येईल असे नवे गणित किती जण देतात? पुष्कळसे लेखन त्यांनी स्वतःच पुस्तिका काढून छापले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. त्या वेळी ते सत्तरीत होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.