होरेस मॅन

होरेस मॅन (जन्म : ४ मे १७९६, फ्रँकलिन, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू : २ ऑगस्ट १८५९, यलो स्प्रिंग्ज, ओहायो) हे अमेरिकेतील वकील, लोकप्रतिनिधी आणि शिक्षणसुधारक होते. १८३७ ते १८४८ या काळात ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव होते. सर्व थरांतील मुलांसाठी सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या सामाईक शाळांच्या चळवळीचे ते प्रमुख प्रवर्तक मानले जातात. शाळांविषयीची माहिती पद्धतशीरपणे गोळा करणे, तिचे तुलनात्मक तक्ते छापणे आणि त्यांच्या आधारे शालेय कारभारात बदल घडवणे ही त्यांच्या कार्यपद्धतीची खूण होती. १८४५ साली बॉस्टनच्या शाळांत घेतल्या गेलेल्या छापील प्रश्नपत्रिकांच्या लेखी परीक्षेमागेही त्यांची प्रेरणा होती.

प्रारंभिक जीवन

मॅन यांचा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. घरची शेती बेताची असल्याने मुलांना लहानपणापासून कामाला जुंपले जाई. टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणण्याचे कामही घरात चाले. पंधराव्या वर्षापर्यंत होरेस यांना वर्षातून आठ-दहा आठवड्यांपेक्षा अधिक शाळा कधी मिळाली नाही. ज्यांच्या नावावरून गावाला नाव मिळाले त्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी गावाला पुस्तके भेट दिली होती. त्या छोट्या ग्रंथसंग्रहातच मॅन यांचे बरेचसे वाचन झाले. १८०९ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी थोरला भाऊ स्टीफन रविवारी पोहायला गेला असता बुडाला. गावचे कर्मठ धर्मोपदेशक नॅथॅनिएल एमन्स यांनी या प्रसंगी दिलेल्या प्रवचनात सांत्वनाऐवजी नरकाचे भय घातले. त्याचा मॅन यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि पुढे ते उदारमतवादी युनिटेरियन पंथाकडे वळले.

१८१६ मध्ये त्यांनी ब्राऊन विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवला आणि १८१९ मध्ये वर्गात प्रथम क्रमांकाने पदवी घेतली. कायद्याचे शिक्षण लिचफील्ड येथे पूर्ण करून १८२३ पासून ते डेडहॅम येथे वकिली करू लागले. १८३० मध्ये त्यांचा विवाह ब्राऊन विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांची कन्या शार्लट मेसर यांच्याशी झाला. अवघ्या दोन वर्षांत, १ ऑगस्ट १८३२ रोजी, शार्लट यांचे निधन झाले. या आघातातून सावरायला मॅन यांना बरीच वर्षे लागली.

राजकीय कारकीर्द आणि मंडळाची स्थापना

१८२७ मध्ये मॅन राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. तेथे त्यांनी मनोरुग्णांना तुरुंगांत आणि गोठ्यांत डांबण्याच्या प्रथेविरुद्ध प्रयत्न केले. त्यातून वुस्टर येथे राज्याचे मनोरुग्णालय उभे राहिले. पुढे ते सिनेटमध्ये गेले व १८३६ मध्ये सिनेटचे अध्यक्ष झाले. २० एप्रिल १८३७ रोजी शिक्षण मंडळ स्थापन करणारा कायदा संमत झाला तेव्हा ते त्याच पदावर होते. उद्योगपती एडमंड ड्वाइट यांच्या आग्रहावरून त्यांनी मंडळाचे सचिवपद स्वीकारले आणि जोरात चाललेली वकिली बंद केली. वार्षिक १,५०० डॉलरच्या या पदामुळे त्यांचे राजकीय भवितव्य संपले, असे अनेक मित्रांना वाटले.

मंडळाला अधिकार जवळजवळ नव्हते. शाळा काढणे, शिक्षक नेमणे, कर बसवणे हे सारे गावांच्या आणि त्यांतील लहान लहान शाळा-विभागांच्या हाती होते. सचिवाने माहिती गोळा करावी आणि दरवर्षी विधिमंडळाला अहवाल सादर करावा, एवढेच कायद्यात म्हटले होते. हुकूम देण्याची सोय नसलेल्या या पदावर माहिती हेच एकमेव हत्यार उरले होते आणि मॅन यांनी ते पुरेपूर वापरले.

हजेरीपट आणि तक्ते

गावांनी शाळांची विवरणपत्रे राज्याकडे पाठवावीत असा नियम मॅन यांच्या आधीपासून होता, मात्र ती अपुरी आणि अंदाजपंचे भरली जात. १८३८ च्या कायद्याने मंडळाने ठरवून दिलेल्या नमुन्यातील हजेरीपट प्रत्येक शाळेत ठेवणे बंधनकारक झाले. विवरणपत्र न पाठवणाऱ्या गावाला राज्याच्या शाळा-निधीतील वाटा मिळत नसे. त्यामुळे कागद येऊ लागले. हजेरीपटाचा मोठा लाभ असा की पटावरील मुले, प्रत्यक्ष सरासरी हजेरी आणि गावातील ४ ते १६ वयोगटातील एकूण मुले हे तीन आकडे प्रथमच शेजारी शेजारी मांडता आले. शाळा आहे म्हणजे मुले शिकत आहेत, हा समज या तीन आकड्यांतील अंतराने खोटा ठरवला.

मॅन यांनी ही माहिती वार्षिक गोषवाऱ्यात छापली. दर मुलामागे किती रक्कम मंजूर झाली यानुसार राज्यातील गावे पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लावलेली त्यात असत. आपल्या गावाचे नाव शेजारच्या गावाच्या खाली छापलेले पाहणे ग्रामसभेला झोंबत असे आणि पुढच्या वर्षीची रक्कम वाढवण्यासाठी तेवढे पुरे होई. अर्थात खर्च म्हणजे शिक्षण नव्हे. श्रीमंत गावाला जी रक्कम सहज झेपे, ती गरीब गावाला पोट मारून उभी करावी लागे. पुढे गोषवाऱ्यांत करपात्र मालमत्तेच्या प्रमाणात शाळांवर किती खर्च झाला याचा आणि हजेरीच्या प्रमाणाचाही स्वतंत्र क्रम देण्यात आला. तेच गाव एका तक्त्यात वर आणि दुसऱ्यात खाली दिसू शकते, हे त्यातून वाचकांना कळले.

आकड्यांसोबत प्रत्यक्ष पाहणीही चालू होती. मॅन यांनी राज्यभर, बहुतेकदा घोड्यावरून, फिरून शाळागृहे पाहिली आणि १८३८ मध्ये त्यांच्या दुरवस्थेवर स्वतंत्र अहवाल लिहिला. शिक्षकांच्या एका संमेलनासाठी पिट्सफील्डला गेले असता शाळा झाडलेली नव्हती. तेव्हा मॅन आणि राज्यपाल जॉर्ज ब्रिग्ज यांनी स्वतः झाडू हाती घेतला, असे सांगितले जाते. दुसऱ्या अहवालात त्यांनी शाळा-समित्यांकडून मागवलेल्या माहितीवरून असा निष्कर्ष काढला की वाचनवर्गातील १२ पैकी ११ हून अधिक हिश्श्याच्या मुलांना आपण वाचतो त्या शब्दांचा अर्थ कळत नाही. या निष्कर्षामुळे अर्थाकडे लक्ष देणाऱ्या वाचनपद्धतीच्या वादाला तोंड फुटले.

त्यांचे सर्वच आकडे सारख्या तोलाचे नव्हते. १८४१ सालच्या पाचव्या अहवालासाठी त्यांनी गिरणीमालकांना प्रश्नावली पाठवून शिकलेला कामगार अधिक उत्पादन करतो आणि अधिक मजुरी मिळवतो, असे दाखवले. या अहवालाचा प्रभाव फार मोठा पडला. परंतु उत्तरे देणारे निवडक होते आणि प्रश्नांतच अपेक्षित उत्तर सूचित केलेले होते, असा आक्षेप नंतरच्या इतिहासकारांनी घेतला आहे व तो रास्त आहे.

१८४० मध्ये मंडळच रद्द करण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आला. तो १८२ विरुद्ध २४५ मतांनी फेटाळला गेला. त्याआधी जुलै १८३९ मध्ये लेक्सिंग्टन येथे राज्याची पहिली शिक्षक-प्रशिक्षण शाळा सुरू झाली होती.

बॉस्टनच्या मास्तरांशी वाद

१ मे १८४३ रोजी मॅन यांनी मेरी पीबडी यांच्याशी विवाह केला आणि दोघे युरोपला गेले. तेथील शाळांची पाहणी करून लिहिलेल्या सातव्या अहवालात त्यांनी प्रशियातील शिक्षकांची स्तुती केली. तेथे छडीवाचून वर्ग चालतात, असे त्यांनी नोंदवले. बॉस्टनच्या व्याकरणशाळांतील मास्तरांना हा आपल्यावरचा हल्ला वाटला. १८४४ मध्ये त्यांपैकी ३१ जणांनी एकत्र येऊन १४४ पानांचे खंडन प्रसिद्ध केले. मॅन यांनी उत्तर दिले, त्यावर प्रत्युत्तर आले आणि वाद चिघळत गेला.

मते मतांना भिडून काही निष्पन्न होत नव्हते. मॅन यांचे जिवलग मित्र आणि अंधशिक्षणाचे कार्यकर्ते डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ बॉस्टनच्या शाळा-समितीवर निवडून आले आणि शाळांच्या वार्षिक तपासणीच्या उपसमितीत आले. तोवर तपासणी म्हणजे समितीच्या सदस्यांनी वर्षाकाठी शाळेत जाऊन काही मुलांना तोंडी प्रश्न विचारणे. कोणत्या मुलाला उभे करायचे, धडा कोणता काढायचा हे बव्हंशी मास्तरच्या हाती असे. १८४५ च्या उन्हाळ्यात उपसमितीने पूर्वसूचना न देता छापील प्रश्नपत्रिका वर्गांत नेल्या. प्रत्येक विषयाला एक तास देण्यात आला आणि प्रश्न फुटू नयेत म्हणून परीक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत घाईने जात राहिले. भूगोल, व्याकरण, इतिहास, शब्दार्थ, पदार्थविज्ञान, खगोल, अंकगणित हे विषय होते.

सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांतून वरच्या वर्गांतील सुमारे ५३० निवडक मुलांचीच परीक्षा घेतली गेली, म्हणजे शाळांचे सर्वांत चांगले रूप कागदावर उमटणार होते. शक्य असलेल्या ५७,८७३ उत्तरांपैकी १७,२१६ बरोबर आली. दहापैकी जेमतेम तीन. विरामचिन्हांच्या चुका ३५,९४७ भरल्या. समितीला यापेक्षाही बोचले ते उत्तरांचे स्वरूप. अनेक मुलांना अमेरिकेने व्यापारबंदी केव्हा लादली ते साल पाठ होते, पण व्यापारबंदी म्हणजे काय हे सांगता येत नव्हते.

निकाल शाळावार तक्त्यांत छापले गेले. मॅन यांनी आपल्या 'कॉमन स्कूल जर्नल' या नियतकालिकात त्यांतील मोठे भाग पुनर्मुद्रित केले आणि लेखी परीक्षेची बाजू मांडली. त्यांच्या मते सर्व शाळांना एकच प्रश्न विचारल्याने पक्षपात टळतो, मास्तरला मध्येच मुलाला सुचवता येत नाही आणि उत्तरपत्रिका शिल्लक राहत असल्याने निवाडा कोणालाही पडताळून पाहता येतो. प्रश्न अवघड होता की शिकवणे कच्चे होते, हेही सर्व शाळांची उत्तरे शेजारी ठेवल्यावर ओळखता येते. परीक्षेचे हे समर्थन आजही फारसे बदललेले नाही. मात्र ही परीक्षा निष्पक्ष जिज्ञासेतून जन्मलेली नव्हती. मास्तरांशी चाललेल्या भांडणात पुरावा हवा होता आणि कोणता पुरावा मिळेल याचा अंदाज परीक्षकांना आधीच होता. काही मास्तरांना आपली जागा सोडावी लागली. परीक्षा पुढे एक-दोन वर्षे चालून बंद पडली, पण अन्य शहरांनी ही पद्धत उचलली.

तक्त्यातील एक नोंद विशेष अस्वस्थ करणारी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी ठेवलेली स्मिथ शाळा निकालात तळाशी होती. समितीने मुलांकडून फारशी अपेक्षाच न ठेवणाऱ्या मास्तरवर ठपका ठेवला. पण मुलांना वेगळे काढणाऱ्या व्यवस्थेचे काय, हा प्रश्न तक्त्याच्या चौकटीत मावत नव्हता. वेस्ट न्यूटनच्या प्रशिक्षण शाळेत क्लोई ली या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला कोणी राहायला जागा देईना, तेव्हा मॅन यांनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. तरीही बॉस्टनमधील वेगळ्या शाळांविरुद्ध त्यांनी सचिव म्हणून जाहीर भूमिका घेतली नाही. मंडळ आणखी एका वादात सापडू नये, ही त्यांची चिंता होती. दासप्रथाविरोधी नेते वेंडेल फिलिप्स यांनी या मौनाबद्दल त्यांच्यावर कठोर टीका केली. वेगळ्या शाळा कायद्याने बंद झाल्या त्या १८५५ मध्ये.

उत्तरायुष्य

मॅन यांच्या कारकिर्दीत राज्याचा शाळांवरील खर्च सुमारे दुप्पट झाला. पुरुष शिक्षकांचे वेतन ६२ टक्क्यांनी, तर स्त्री शिक्षकांचे ५१ टक्क्यांनी वाढले आणि शाळेच्या वर्षात सरासरी एका महिन्याची भर पडली. १८४८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. तेथे त्यांनी दासप्रथेच्या विस्ताराला विरोध केला व त्यापायी डॅनियल वेब्स्टर यांच्याशी वैर पत्करले. १८५२ मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

पुढच्या वर्षी ते ओहायोतील नव्या अँटिऑक महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. तेथे मुले-मुली एकत्र शिकत आणि मॅन यांची भाची रिबेका पेनेल या पुरुष प्राध्यापकांच्या बरोबरीने अध्यापन करीत. संस्था कर्जात बुडालेली होती. १८५९ मध्ये तिचा लिलाव झाला. त्याच उन्हाळ्यात पदवीदान समारंभानंतर काही आठवड्यांतच मॅन यांचे निधन झाले. प्रॉव्हिडन्स येथे शार्लट यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

प्रभाव

१८४७ मध्ये मॅन यांना भेटून गेलेले दोमिंगो सार्मिएंतो पुढे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी तेथे याच धर्तीवर शिक्षक-प्रशिक्षण शाळा उभारल्या. मेरी मॅन यांनी १८६५ मध्ये पतीचे चरित्र प्रसिद्ध केले. बॉस्टनच्या प्रश्नपत्रिका १९१९ मध्ये ओटिस कॉल्डवेल आणि स्टुअर्ट कोर्टिस या शिक्षणतज्ज्ञांनी बाहेर काढल्या आणि त्यांतील निवडक प्रश्न देशभरातील आठवीच्या मुलांना पुन्हा विचारले. निव्वळ पाठांतराच्या प्रश्नांत १८४५ ची मुले सरस ठरली, तर अर्थ समजून उत्तर द्यायच्या प्रश्नांत नवी मुले पुढे होती.